हिस्टोटोम

बर्फ विरघळायच्या आत महेश्वरीला तो तुकडा कापायचा होता. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, मेणाच्या वडीत बसवलेला. आणि तो होता तिच्या सासूच्या गालातला.

गंगम्माच्या गालात तंबाखूच्या मिश्रीनं पांढरा चट्टा पाडला होता. तो दाखवायला तिला राजी करता करता घर थकलं. शेवटी नातवाची शपथ घातली, तेव्हा ती उमरग्याच्या दवाखान्यात आली. डॉक्टरांनी तुकडा काढल्यावर रक्ताची गुळणी थुंकत तिनं सुनेला बजावलं, "एकदाच. परत ह्ये तोंड म्या उघडणार न्हाय." गंगम्माचा शब्द घरात कुणी मोडत नसे, ती स्वतःसुद्धा नाही.

महेश्वरी त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन. हा तुकडा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं. पण नेमकं नवं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. कोपऱ्यातलं जुनं, हातचाकाचं यंत्र बाहेर काढावं लागलं. त्याच्या पितळी पट्टीवर इंग्रजीत कोरलं होतं, हिस्टोटोम. म्हणजे शरीराच्या मांसाचे काप काढणारं. लॅबच्या डॉक्टर शुभांगी मॅडम म्हणायच्या, हा शब्द आता पुस्तकांतूनही गेला, सगळं जग मायक्रोटोम म्हणतं. पण निवृत्त होईपर्यंत लॅबचे जुने टेक्निशियन मल्लिनाथकाका हिस्टोटोमच म्हणत राहिले, म्हणून त्या यंत्राला तेच नाव चिकटलं. खाष्ट सासू आहे ही, असं मॅडम चिडवायच्या. जरा चुकलं की सगळं विस्कटून ठेवते.

आधी वरचं मेण जाड जाड तासायचं, मग खटका मागं घेऊन पातळ काप काढायचे, अशी रीत. नवं यंत्र खटक्याची आठवण आपणहून करून द्यायचं. जुन्याला जीभ नव्हती. सकाळी घरून फोन आला होता, बाळ वाटीनं दूध घेईना. ऐकता ऐकताच महेश्वरीची छाती दुधानं भरून आली, ओढणी ओली झाली. लवकर उरकून घरी पळावं म्हणून तिनं चाक फिरवलं, आणि खटका तासण्यावरच राहिला. चुरा पात्याखाली पडला तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. निम्मा तुकडा गेला होता.

तिनं उरलेली वडी तशीच मॅडमसमोर नेऊन ठेवली. मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, की उरल्यात निघालं तर निघालं, नाहीतर सासूबाईंना परत बोलवावं लागेल.

परत बोलवायचं म्हणजे काय, ते महेश्वरीलाच ठाऊक.

त्यात लाइट गेलेली. इन्व्हर्टरवर तेवढे दिवे आणि सूक्ष्मदर्शक चालत होता. फ्रिज बंद, पंखा बंद. एप्रिलच्या उकाड्यात मेण लोण्यासारखं झालं होतं. समोरच्या रसवंतीतून तिनं बर्फ आणला, वडी त्यावर दाबून धरली, बोटं बधिर होईस्तोवर. मग ती यंत्रात बसवली. खटका पाहिला. पुन्हा पाहिला.

पहिला काप गोळा होऊन पात्याला चिकटला. कपाळावरचा घाम वडीवर पडू नये म्हणून तिनं मान मागं घेतली. काका सांगायचे, चाक ओढायचं नाही, त्याच्या मनानं येऊ द्यायचं. तिनं श्वास धरला, आणि नकळत तोंडून तेच शब्द गेले, जे त्या दिवशी तुकडा काढताना दवाखान्याच्या खुर्चीशी बसून ती सासूला म्हणाली होती.

"या अव्वा. एवढंच. झालंच आता."

चाक फिरलं. पात्यावरून दुधाच्या सायीसारखी पातळ पट्टी उतरली. कोमट पाण्यावर सोडताच ती पसरली, एक सुरकुती नाही. महेश्वरीनं ती काचेवर उचलून घेतली. वडीत आता नुसतं मेण उरलं होतं.

रंग चढवून काच मॅडमच्या हाती गेली. त्या बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. महेश्वरी दाराची चौकट धरून उभी होती.

"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या. "पण त्याच वाटेवर आहे. चट्टा काढावा लागेल, आणि मिश्री आजच बंद."

घरी गंगम्मा रडून थकलेल्या बाळाला मांडीवर थोपटत होती. महेश्वरीनं चप्पल काढली न काढली तोच सगळं सांगून टाकलं, आपल्या हातून निम्मा तुकडा वाया गेला तेही.

"अन् ऱ्हायलेला?" गंगम्मानं विचारलं.

"त्यानं सांगितलं, येळ हाय म्हणून. पण तुम्हाला परत तोंड उघडावं लागंल, अव्वा."

बाळानं वर हात करून गंगम्माचा खालचा ओठ पकडला आणि ओढला. तिनं तो सोडवला नाही. तशीच, ओठ ओढलेला ठेवून, तिनं कनवटीची मिश्रीची डबी काढली आणि सुनेच्या हातात दिली.

"पाज त्याला आधी," ती बोबडंच बोलली. "सकाळधरनं उपाशी हाय लेकरू. कवा जायचं ते मग सांग."