खडूचा धावदोरा

सूनबाईच्या अंगात एकदा थीम संचारली की घरात कुणाची धडगत नसे. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं बैठकीच्या खोलीचा समुद्र करून टाकला. निळ्या भिंती, वाळूच्या रंगाचा सोफा, शिंपल्यांच्या फ्रेमा. समुद्राचा कंटाळा आला तेव्हा त्याच खोलीत जंगल उगवलं. नवरा म्हणायचा, "कामावरून आलो की आधी दारावरचा नंबर तपासतो, मग आत येतो." शेजारणी तोंडावर कौतुक करायच्या आणि जिन्यात हसायच्या. तिचं हे खूळ मनापासून ऐकून घेणारा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे तिचा सासरा.

सासरे शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शहराच्या दुसऱ्या टोकाला खाली त्यांचं दुकान आणि वर दोन खोल्या. समुद्राचे पडदे त्यांनी शिवले, जंगलाचेही त्यांनीच. कापडाचा कोपरा बोटांत चोळून म्हणायचे, "हे सोडून दे, चुण्या धरणार नाही. ते दुसरं दाखव." दोघं कापडावर बोलायला बसले की चहा गार व्हायचा तरी कुणाला पत्ता नसे. दोन वर्षांपूर्वी मास्तरांकडून पडदा आला तो खालून तिरका. सूनबाईनं चकार शब्द न काढता तो उसवून दुसरीकडून शिवून घेतला. मास्तरांना ते कसं कळलं कोण जाणे, पण त्यानंतर त्यांनी मशीनवर चादर टाकली ती टाकलीच.

डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेकडेनं अंधुक दिसत राहील, औषध नाही. मास्तरांचं मात्र एकच पालुपद, "मला सगळं दिसतं." सगळं दिसणारे मास्तर मागच्या महिन्यात त्यांच्याच जिन्यावरून चार पायऱ्या गडगडले. हाड मोडलं नाही हे नशीब. मुलानं त्यांचं काही एक न ऐकता त्यांना आपल्या घरी आणायचं ठरवलं.

सूनबाईला आनंदाचं भरतं आलं. मास्तर कायमचे राहायला येणार, आणि वर त्यांच्यासाठी एक अख्खी खोली सजवायची! आठ दिवस तिच्या पायाला भिंगरी होती. या वेळची थीम होती मोती. भिंती मोतिया, चादर मोतिया, पडदे, खुर्ची, टेबल, टेबलावरचा कप, सगळं मोतिया. दिव्यांची बटणंसुद्धा तिनं भिंतीला जुळणारी बसवून घेतली. दाराला भिंतीचाच रंग दिला. बंद केलं की दार भिंतीत असं काही विरून जाई की नक्की कुठे आहे ते शोधावं लागे, आणि हेच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होती.

मास्तर आले तेव्हा तिनं हाताला धरून त्यांना खोलीभर फिरवलं. "बाबा, सगळं एकाच रंगात आहे. कसं शांत वाटतंय ना?"

"शांत आहे," मास्तर म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

नवरा कामासाठी बाहेरगावी गेला, आणि सूनबाई वाट बघत राहिली. आता बाबा बाहेर येतील, गॅलरीत बसतील, कापडाच्या गप्पा निघतील. बाबा खोलीतून बाहेर येईनात. पलंगाच्या काठावर बसून असायचे, हात गुडघ्यांवर. दोनदा दुधाचा कप सांडला. पाणी तर घोटभरच पीत. काही हवं का विचारलं की म्हणायचे, "काय हवं असणार? सगळं आहे." आणि मंगळवारी तिनं त्यांना मुलाशी फोनवर बोलताना ऐकलं. "रविवारी आलास की मला माझ्या घरी सोड. पाहुण्यासारखं किती दिवस राहायचं माणसानं?" फोन ठेवून त्यांनी कपडे चाचपत आपली जुनी बॅग भरली. बदामी रंगाची कापडी बॅग, धुवून धुवून पार विटलेली. ती भरून त्यांनी भिंतीशी ठेवली.

सूनबाईच्या काळजात चर्र झालं. त्या घराचा तो जिना तिला दिसत होता. एकदा वाचले, दर वेळी थोडेच वाचणार? आणि खरं सांगायचं तर नुसती जिन्याची भीती नव्हती. तिला ते इथे हवे होते. तिनं सरळच विचारलं, "बाबा, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार गं?" म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं.

गुरुवारी सकाळी मास्तर आंघोळीला गेले आणि ती चादर बदलायला त्यांच्या खोलीत शिरली. बटणाशेजारी भिंतीवर निळी फुली होती. टेबलाच्या कडेला निळी रेघ होती. दाराच्या कडीखाली दोन रेघा होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवस खपून रंगवलेली भिंत, आणि बाबांनी त्यावर लहान मुलासारख्या रेघोट्या ओढाव्यात? ओला फडका आणायला ती तणतणत वळली, तेव्हा तिला खाली फरशी दिसली.

पलंगापासून दारापर्यंत फरशीवर शिंप्याच्या निळ्या खडूच्या छोट्या छोट्या रेघा होत्या. एक रेघ, एक रिकामी जागा, पुन्हा रेघ, पुन्हा रिकामी जागा. सगळ्या एका मापाच्या, धावदोरा घालावा तशा. दारापाशी ती ओळ वळून बाथरूमकडे गेली होती. मधे एका ठिकाणी चुकून खुर्चीच्या पायाकडे भरकटली होती, तिथे ती बोटानं पुसून पुन्हा सरळ केली होती.

सूनबाई मटकन पलंगावर बसली. अख्ख्या आयुष्यात एवढं मूर्ख तिला कधी वाटलं नव्हतं. हा माणूस गुडघ्यांवर बसून, फरशीला नाक लावून, स्वतःसाठी वाट शिवत होता, आणि ती मात्र दार सापडत नाही म्हणून मिरवत होती.

मास्तर भिंत चाचपत आले. तिचा श्वास त्यांना ऐकू आला असावा. ते उंबऱ्यातच थांबले.

"पुसतो मी ते," ते म्हणाले. "मऊ खडू आहे, डाग राहत नाही."

"पुसू नका. बाबा, तुम्हाला या खोलीत काय काय दिसतं? मला खरं सांगा."

मास्तरांनी बोटांनी दाराची चौकट चाचपली. मग म्हणाले, "पांढऱ्या कापडावर पांढऱ्या खडूनं कोणी खूण करतं का, सूनबाई? काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर निळा. कच्चे टाकेसुद्धा उलट्या रंगाच्या दोऱ्यानं घालतात, उसवताना सापडावेत म्हणून. तू इतक्या हौसेनं केलंस. त्यावर मी काय बोलणार?"

झालं. सूनबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रडायचं राहूनच गेलं. "म्हणजे तुम्हाला रंग दिसतात," ती म्हणाली. "नुसते एकमेकांपासून सुटे पाहिजेत. बाबा, बसा इथे. हलू नका. मी शेडकार्ड घेऊन आले."

अर्ध्या तासात ती रंगाच्या दुकानातून सगळी कार्डं उचलून आली. मास्तर पलंगावर, ती दाराशी. एकेक रंग भिंतीला लावून विचारायची.

"हा?"

"ढग."

तो होता फिका जांभळा, तिचा सगळ्यांत आवडता. "आणि हा?"

"तोही ढगच. जरा ओला."

"हा?"

"हा दिसला." मास्तर पुढे झुकले. "कोणता गं?"

"गडद निळा. शाळेच्या गणवेशाचा असतो तसला."

"असू दे. दाराला दे तो. आता त्यावर पिवळा धर बरं. भिंतीवर नको, विरतो तिथे. निळ्यावर धर. हां, आता बघ कसा उठला." त्यांचा आवाज दोन वर्षांपूर्वीचा झाला होता. "कडी पिवळी कर."

मग काय विचारता! दोन दिवस घरात स्वयंपाक नावापुरता झाला. सूनबाई ब्रश चालवायची, मास्तर हुकूम सोडायचे. दार निळं झालं, कडी पिवळी, बाथरूमचं दार लालभडक. बटणांभोवती काळी चौकट आली. खुर्ची लाल झाली, पाहुण्यांसाठी दुसरी तपकिरी आली. टेबलाला कडेनं तपकिरी पट्टी लागली. "गळ्याला लावतात तशी, बारीक नको, नजरेत भरू दे," असं मास्तरांनी तीनदा बजावलं. दुधापाण्याला काळा कप आला, चहाला पांढरा. चादरीला रुंद निळा काठ हवा होता. सूनबाई कापड घेऊन मशीनवाल्याकडे निघाली तर मास्तरांनी हात पुढे केला. निळं कापड मोतिया चादरीवर ठेवलं होतं, शिवण कुठे घालायची ते दिसत होतं. काठ त्यांनी हातानं शिवला. थोडा वेडावाकडा झाला. या वेळी तो कुणी उसवला नाही.

रंगाला रंग जुळवायचं सूनबाईचं सारं शिक्षण त्या खोलीत उलटंपालटं होत होतं आणि तिला त्याची मजा येत होती. नवऱ्याला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "तुम्ही या तर खरे." फरशीवरचा धावदोरा तिनं पुसला नाही. त्याच खुणांवरून, त्याच मापानं, पक्क्या निळ्या रंगात उतरवला. वाळेपर्यंत दोघं पलंगावर पाय वर घेऊन बसले आणि चहा गार झाला.

फक्त बॅगेबद्दल तिनं काही विचारलं नाही. मास्तरांनी काही सांगितलं नाही. ती भिंतीशी उभी होती तशीच होती.

रविवारी सकाळी नवरा आला तो गाडीची किल्ली हातात धरूनच. निळ्या दारासमोर थबकला. "हे काय? खोली आहे की सर्कशीचा तंबू?"

"टकटक करा," सूनबाई म्हणाली.

त्यानं टकटक केली. आतून पावलं आली, सरळ, न अडखळता, न थांबता. कडी एका झटक्यात निघाली. मास्तर दारात उभे होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

"आलास? चपला बाहेर काढ, नवा रंग आहे. त्या तपकिरी खुर्चीवर बस. लाल माझी." ते ओळीवरून चालत टेबलापाशी गेले, जगमधून काळ्या कपात पाणी ओतलं आणि मुलाच्या हातात दिलं. एक थेंब सांडला नाही.

नवऱ्यानं पाणी पिऊन टाकलं. मग वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "बाबा, निघायचं ना? बॅग कुठाय तुमची?"

मास्तरांनी मान वळवली. मोतिया भिंत, तिच्याशी विटलेली बदामी बॅग. खोलीत रंग द्यायची राहिलेली तेवढीच एक वस्तू. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, अगदी शोधल्यासारखं.

"बॅग?" ते म्हणाले. "मला काही दिसत नाही बुवा."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. सूनबाईनं पायानं बॅग पलंगाखाली सरकवली आणि चहा टाकायला गेली.