अंकगुरूंचा भागाकार

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. फळ्यासमोर अंकगुरू आणि शेजारच्या खुर्चीत शाळेतले गणिताचे सर, ताठ बसलेले.

"दवाखान्याच्या कागदावरच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे सांगा," अंकगुरू म्हणाले.

"चारशे अठरा," सरांची ताई म्हणाली. तिला फिट यायच्या. आठ वर्षं गोळ्या चालू होत्या.

"दोनदा लिहा. एकदा देहासाठी, एकदा आत्म्यासाठी." फळ्यावर ४१८४१८ उमटलं. "आता सात, अकरा, तेरा. तिघेही महा आडमुठे! ज्याला तिघांनी भाग जातो, त्याचं दुखणं निःशेष जातं. सर, तपासा."

सरांनी तपासलं. तिन्ही वेळा बाकी शून्य. "बरोबर आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वीस वर्षं फळ्याशी झिजले, पण वर्गात कधी कुणी टाळी वाजवली नव्हती हो. ताईनं त्याच संध्याकाळी गोळ्या फेकून दिल्या. सरांना ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. येईल त्याची बाकी शून्यच कशी? घरी कागद-पेन्सिल घेतली, दोन मिनिटांत उलगडा झाला. मग बोलावं की नाही? नाही बोलले. आपण कुठे खोटं सांगतोय, भागाकार तर बरोबरच आहे, अशी मनाची समजूत घातली आणि चौथ्या दिवशी पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. शाबास रे मास्तर!

नवव्या दिवशी ताई इस्त्रीच्या दुकानात काम करता करता फिट येऊन पडली. हात तापल्या इस्त्रीखाली आला.

"गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या भावानं स्वतः हिशेब तपासला होता," ती म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या सरांना जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसलेच नाहीत, थेट फळ्याशी गेले. "वारलेल्या माणसाचा कागद आहे का कुणाकडे?"

मागून एक बाई उठली. "माझ्या नवऱ्याचा. नऊशे सात. मागच्या महिन्यात गेले."

सरांनी ९०७९०७ लिहिलं आणि तिन्ही भागाकार केले. बाकी तिन्हीकडे शून्य.

"मृतात्म्यांचा नियम वेगळा असतो," अंकगुरू पुटपुटले.

"नियम एकच आहे. तीन आकडे दोनदा लिहिले की मूळ संख्येला एक हजार एकनं गुणल्यासारखं होतं. आणि सात, अकरा, तेरा यांचा गुणाकारच एक हजार एक. बसच्या तिकिटाचे तीन आकडे घ्या, भाग जाणारच."

"तुला हे कधी कळलं?" पहिल्या रांगेतून ताईनं विचारलं. तिच्या हाताला पट्टी होती.

"तिसऱ्या दिवशी," सर म्हणाले.



"लाज वाटते मला," सर लोकांकडे वळून म्हणाले. "टाळ्यांना भुललो. मी मान डोलावली म्हणून तुम्ही डोलावू नका, स्वतः दुसरा आकडा घालून बघा. या बाकीचा आणि दुखण्याचा काडीचा संबंध नाही. ज्यांनी गोळ्या बंद केल्यात त्यांनी आत्ता डॉक्टरांकडे चला. ताई, चल, मी येतो तुझ्याबरोबर."

"मी जाईन माझी," ती म्हणाली आणि उठली.

ती पुढे निघाली, तिच्यामागून हातात कागद धरलेली माणसं, आणि सगळ्यांच्या शेवटी सर.