उतारावरचं तेल

टोकियोच्या पहिल्या ऑलिंपिकच्या आदल्या वर्षीची गोष्ट. हामामात्सूच्या एका मोटरसायकल कारखान्यात उन्नो तोकुजी नव्या गाड्या चालवून बघायच्या कामावर होता. घाट उतरताना नव्या टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन एकाएकी जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि उन्नो उडून चहाच्या मळ्यात पडला. खांद्याचं हाड मोडलं.

इंजिन ज्याने आखलं तो मागारा दवाखान्यात आला. खाली मान घालून उभाच राहिला.

"बसा हो साहेब," उन्नो म्हणाला, "पडलो मी, आणि चेहरा तुमचा पडलाय."

"उन्नोसान, पडायच्या आधी काय झालं?"

"रेसची मूठ सोडली होती. लांबलचक उतार. आवाज कोरडा झाला... घशाला कोरड पडावी तसा."

मागाराने कपाळावर हात मारला. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं. रेस सोडली की पेट्रोल आटतं, आणि त्याच्याबरोबर ऑइलही. चाकं तर इंजिनाला फिरवतच राहतात. पिस्टन कोरडाच घासणार, दुसरं काय होणार!

हिवाळाभर मागारा कामाला जुंपला. ऑइलची वेगळी टाकी केली, इंजिनावरच चालणारा छोटा पंप बसवला. पेट्रोल येवो न येवो, इंजिन फिरतंय तोवर ऑइल पोचत राहणार.

वसंतात गाडी पुन्हा त्याच घाटात नेली. उन्नोची बायको कियोए पायथ्याच्या चहावालीकडे येऊन बसली होती. वर, घाटमाथ्यावर उन्नो गाडीवर बसला खरा, पण निघेना. इंजिन अडकलंच तर क्लच दाबून चाक मोकळं करता येतं, म्हणून डाव्या हाताची बोटं क्लचला घट्ट चिकटलेली.

मागारा मागच्या सीटवर चढला.

"साहेब, उतरा. तुम्हाला पोरंबाळं आहेत."

"तुम्हाला नाहीत? चला."

उतार सुरू झाला. उन्नोने रेस सोडली. इंजिन रडत होतं, पण ओल्या गळ्याने. मागे ऑइल जळल्याचा निळा धूर.

"क्लच सोडा!" मागारा ओरडला.

"आधी तुम्ही माझी कंबर सोडा! श्वास घेता येईना!"

पुढच्या वळणावर उन्नोने बोटं उचलली. गाडी चालत राहिली. वळणामागून वळणं गेली, तशी बोटं क्लचकडे जायचंच विसरली.

पायथ्याशी मागारा उतरला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला. कियोएने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं.

"साहेब, तुम्हाला गाडीवर बसवत नाही?"

"लहानपणापासून नाही," तो कसाबसा म्हणाला.

पाहणारे पाहत राहिले आणि उन्नो भररस्त्यात मागारापुढे कमरेत वाकला, कितीतरी वेळ तसाच राहिला.

कियोएच्या माहेरी संत्र्यांच्या बागा होत्या. त्या वर्षापासून दर हिवाळ्यात मागारांच्या घरी एक पेटी जाते. दोघेही पुरुष आता नाहीत. पेटी अजून जाते.