पत्ता फक्त घरच्यांना

माझा धाकटा भाऊ कड्या फार छान बसवतो. त्याच्या इमारतीत कुणाचं दार कुरकुरलं, बिजागरी निखळली, कडी सैल झाली की लोक सुताराकडे जात नाहीत, याच्याकडे येतात. आई त्याला सोन्या म्हणते, म्हणून सगळी इमारत सोन्याभाऊ म्हणते. बोलणं इतकं गोड की म्हाताऱ्या शेजारणी आपल्या सुनांना त्याचा दाखला देतात. त्याच्या स्वतःच्या घरात झोपायच्या खोलीला मात्र कडी बाहेरून आहे. आतली त्याने काढून टाकली.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा भावजयीला हसत विचारलं, "काय गं, आमच्या कारागिराने ही उलटी कशी बसवली?"

"उलटी नाही, वन्सं," ती म्हणाली. "चिडले की मला आत घालतात." मग तिने बाही वर केली आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं.

नणंदेने काय करायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भावजयीच्या चहाला नावं ठेवायची आणि आईचे कान भरायचे. ही दोन्ही कामं मी हौसेने केली आहेत. पण त्या दंडावर बोटांचे ठसे होते, आणि ती बोटं मी लहानपणी धरून शाळेत नेली होती. मला किळस आली. आणि राग असा आला की त्या रात्री भांडी घासताना मी एक कप फोडला.

मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आहे आणि माझ्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक आहे. या ब्रेकने शहरातली बरीच कुत्री आणि एक पोलीस वाचवलाय. सोन्याने बायकोला घराबाहेर पडायची परवानगी दिली होती ती फक्त माझ्या क्लासची. ताईबरोबर म्हणजे घरच्याच नजरेखाली, असा त्याचा हिशेब.

तिच्याच तासाला एक निवृत्त मेट्रनबाई शिकायला यायच्या. एकीने चालवायचं आणि दुसरीने मागे जीव मुठीत धरून बसायचं, अशी आमची पद्धत. मेट्रनबाईंनी जन्मभर वॉर्डात आवाज चढवलेला, त्यामुळे त्या सिग्नललाही दम भरायच्या. भावजयीने बाही वर केली नव्हती, तरी त्यांनी सगळं ओळखलं होतं. "माझ्या माहितीत जागा आहे," एकदा त्या मागून म्हणाल्या. "म्हणशील तेव्हा नेते. दार आतून लागतं."

मीच मध्ये पडले. म्हटलं, छे, असं चोरासारखं कुणाच्या घरी का लपायचं? हे रीतसर व्हायला हवं. एवढ्या नावाजलेल्या संस्था आहेत त्या कशासाठी? मी एका संस्थेला फोन केला, भावजयीचं नाव, घरचा पत्ता, सगळं विचारतील तसं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ घेतली. मला फार कर्तबगार वाटलं.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या वेळेलाच आम्ही तिथे पोचलो. मेट्रनबाई गाडीत थांबल्या. संस्थेचं ऑफिस बघून मन प्रसन्न झालं. भिंतीवर मुठी आवळलेल्या बायका, कपाटात सन्मानचिन्हं, आणि चहाच्या प्रत्येक कपावर 'तू एकटी नाहीस' असं छापलेलं. भावजयीला बसवलं ते काळ्यानिळ्या डोळ्याच्या भल्यामोठ्या पोस्टरखाली. तो डोळा इतका सुबक रंगवला होता की तिचे खरे वळ त्यापुढे अगदीच हौशी वाटत होते.

अध्यक्षाबाईंनी तिचा हात हातात घेतला. नेमका दुखरा.

"आता तू आमची," त्या म्हणाल्या. "कसलीही काळजी करायची नाही. आमच्या निवाऱ्याचा पत्ता अगदी गुप्त आहे."

"कुठे आहे पण?" मी विचारलं.

"तेच तर गुप्त आहे ना!" अध्यक्षाबाई खूश झाल्या. "आम्ही तिथे राहणाऱ्या बायकांनासुद्धा सांगत नाही. पडद्याच्या गाडीतून नेतो. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही हो, नंतर मैत्रिणींना सांगत सुटतात."

खोलीतल्या आम्ही तिघीही बायकाच होतो, पण हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

 भावजयीने एकच प्रश्न विचारला. "खोलीला आतून कडी आहे?"

"आहे तर! जरा सैल होती, पण आज सकाळीच घट्ट बसवून घेतली. तुझ्या मिस्टरांनीच बसवली. काय गुणी माणूस आहे गं!"

माझ्या हातातला 'तू एकटी नाहीस' हिंदकळला आणि चहा मांडीवर सांडला.

"त्याला कुणी सांगितलं?" मी ओरडले.

"आम्ही." अध्यक्षाबाईंना माझ्या आवाजाचंच नवल वाटलं. "घरच्यांना कळवल्याशिवाय आम्ही कुणालाही ठेवून घेत नाही, तसा नियमच आहे. उद्या लोक म्हणायचे, ही संस्था बायका पळवते. पत्ता आम्ही फक्त घरच्यांना देतो. बिचारे सकाळी धावत आले. रडले हो! मग नळ बघितला, कड्या बघितल्या. आत्ताही तिथेच थांबलेत. समोरासमोर बसा, मन मोकळं करा. आमच्याकडच्या बहुतेक बायका आठवड्याच्या आत घरी परत जातात. दरवर्षी आमच्या कामाचं कौतुक होतं ते उगाच नाही."

"म्हणून," भावजय हळूच म्हणाली, "आज त्यांनी मला सकाळी चहा करून दिला."

एवढं बोलून ती उठली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मला त्या बाईंना पुष्कळ काही सुनवायचं होतं, पण भावजयीने माझी बाही ओढली. मग मी म्हटलं, गाडी चुकीच्या जागी लावलीय, दंड होईल, आलोच. अध्यक्षाबाई दारापर्यंत आल्या. निघण्याआधी एक फोटो काढू म्हणाल्या, चेहरा धूसर करू म्हणाल्या. आम्ही जिन्यात पोचलो तरी त्या धूसर करायचं आश्वासन देतच होत्या.

गाडीशी आल्यावर भावजय सरळ स्टिअरिंगला बसली. मी शेजारी बसले, पाय सवयीने ब्रेकवर. मागून मेट्रनबाईंनी आमची तोंडं बघितली आणि काय ते ओळखलं. एरवी भावजयीच्या हातून गाडी सुरू होताना दोनदा तरी बंद पडते. आज एकदाही पडली नाही. चौकात तिने आरसा पाहिला, हात दाखवला, वळण घेतलं. मी शिवीगाळ करत होते. संस्थेला, कपांना, सोन्याला, सगळ्यांना. मला एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दोन चौक गेल्यावर तिने गाडी रस्त्याच्या कडेला लावली. इतकी नीट लावली की परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.

"वन्सं, तुम्ही इथे उतरा."

"मी? का गं?"

"तुम्ही त्यांच्या ताई आहात."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. "अगं, मी तुझ्या बाजूने आहे! एवढी धावपळ कुणी केली? आणि गाडी माझी आहे!"

"गाडी परत मिळेल," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या मागून उतरून माझ्या दाराशी येऊन उभ्याही राहिल्या होत्या. "आधी डॉक्टरकडे नेते, अंगावरचं सगळं नोंदवून घेते. मग वकीलबाई. पुढचं तुम्हाला सांगणार नाही."

"तुम्ही वाईट नाही, वन्सं," भावजय समोर बघत म्हणाली. "पण पत्ता घरच्यांना द्यायचा नाही."

मी उतरले. माझ्याच गाडीतून, माझ्याच विद्यार्थिनीने, भर रस्त्यात मला उतरवलं. मेट्रनबाई माझ्या जागेवर बसल्या, ब्रेकवर पाय ठेवला आणि 'शिकाऊ' पाटी मिरवत गाडी निघून गेली. मला भयंकर अपमान वाटला. मनात म्हटलं, काय कृतघ्न मुलगी आहे! चालत घरी पोचेपर्यंत मी हेच म्हणत होते.

संध्याकाळी सोन्या आला. अगदी गोड. येताना माझ्यासाठी फळं आणली. आईची तब्येत सांगितली, आई रडतेय म्हणाला, आणि खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढून बसला.

"ताई, ती कुठे आहे?"

"मला माहीत नाही."

"तुला माहीत नसेल असं होईल का?" हसत हसत त्याने माझं मनगट धरलं. प्रेमानेच धरलं, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. मग बोटं आवळली. "सांग ना, ताई."

त्याने आणखी आवळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आतल्या आत सगळीकडे शोधलं, एखादा रस्ता, एखादी गल्ली, एखादं नाव, काहीतरी त्याच्या हातावर ठेवावं आणि हे थांबावं. माझ्याजवळ काहीच नव्हतं. असतं तर मी दिलं असतं. एवढी तोंडाळ मी, सगळ्या जगाला दम देणारी, पण मी दिलं असतं. हे भावजयीला मला उतरवतानाच कळलं होतं.

"खरंच माहीत नाही रे," मी म्हटलं, आणि ते इतकं खरं होतं की त्यालाही पटलं.

त्याने हात सोडला, माझे केस सारखे केले, आणि निघताना दाराची कडी हलवून पाहिली. "सैल झालीय, ताई. उद्या येऊन बसवून देतो."

तो जिना उतरला तशी मी एका हाताने फोन लावला. दुसरा हात उचलत नव्हता. सुताराला म्हटलं, उद्या नको, आत्ता ये.