राखणदाराचा कोट

कॉलर

मित्रांनो, मी एक जुना ओव्हरकोट आहे. एकेकाळी राखाडी होतो. आता जो रंग उरला आहे त्याला नाव नाही. माझी हकीगत सलग सांगणं मला जमणार नाही. कोट म्हणजे शेवटी तुकडेच. एक एक तुकडा पुढे करतो, शिवण तुम्ही घाला.

कॉलरपासून सुरुवात करतो, कारण लोक मला तिच्यावरून ओळखत. एक चित्रपट होता. त्यात लोखंडी पुलाचा एक राखणदार होता, अंगानं किरकोळ आणि स्वभावानं भित्रा. पूल आतून खिळखिळा झाला आहे, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. समोर कारखानदाराच्या माल भरलेल्या गाड्या खोळंबलेल्या. "उघड फाटक!" सगळे ओरडतात. राखणदाराला आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नसतं. तो माझी कॉलर वर करतो, खांदा झुकवतो आणि उजव्या खिशात किल्ली चाचपतो. चाचपतो, चाचपतो... सगळं थिएटर श्वास रोखून बसतं. मग रिकामा हात बाहेर काढून तो हळूच म्हणतो, "किल्ली सापडत नाही."

ते वाक्य घराघरांत शिरलं. नवऱ्यांना काम टाळायचं असलं की त्यांची किल्ली सापडेनाशी होई. एका शाळेत म्हणे गृहपाठ न केलेल्या अख्ख्या वर्गानं गुरुजींसमोर खिसे चाचपले होते.

उजवा खिसा

त्या चाचपण्याबद्दल पुढे लेख आले, भाषणं झाली. "भित्र्या माणसाचं अंतर्मन त्या पाच बोटांत उतरलं आहे," असं एका विद्वानांनी लिहिलं.

खरं काय ते मला माहीत आहे. खिसा चुकला होता.

मला शिवणारे शिंपीकाका स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसत. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांचा नेम. राखणदाराचं काम करणारे नट फार मोठे होते. सगळे त्यांना 'थोरले' म्हणत. थोरले माप द्यायला तीनदा आलेच नाहीत. शूटिंग तोंडावर आलं. तेव्हा व्यवस्थापक एका माणसाला दंडाला धरून घेऊन आले. दिवे लावताना थोरल्यांच्या जागी उभा राहणारा हा माणूस. त्याला सगळे डमी म्हणत. नाव कुणी विचारलं नव्हतं.

"याचं घ्या माप. उंची एकच आहे दोघांची."

"उंची एक असेल हो," शिंपीकाका म्हणाले, "पण हात?"

"हाताला काय झालंय? दोन आहेत की!"

काकांनी माप घेतलं. डमीचे हात लांब होते, म्हणून खिसे खाली बसले. पहिल्याच दिवशी थोरल्यांनी उजव्या खिशात हात घातला आणि तो पोचेना. खांदा झुकवून ते चाचपत राहिले. काकांना तिथेच घाम फुटला. पण कॅमेऱ्यामागून आवाज आला, "वा! हेच ठेवा. अगदी हेच!"

काकांनी ही गोष्ट अगदी शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला सांगितली नाही. लोक त्यांना म्हणत, "काय कोट शिवलात, राव!" आणि ते मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसत. मी समोरच टांगलेला असे. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत असू.

अस्तर

इथे बरीच वर्षं दुमडून ठेवली आहेत.

सुरुवातीला मला काचेच्या कपाटात ठेवलं. मुलं काचेला नाकं लावत. मग कपाटात बक्षिसांच्या ढाली आल्या, मी पेटीत गेलो. पेटीतून गाठोड्यात. एकदा पावसाळ्यात छत गळायला लागलं तेव्हा मला एका कॅमेऱ्यावर पांघरलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कुणाच्या तरी कामी आलो. थोरले गेले, शिंपीकाका गेले. काकांची मुलगी कपडेपटात कामाला लागली. तिचे केस पिकले आणि सगळे तिला मावशी म्हणू लागले. वर्षातून एकदा ती मला उन्हात घालायची. झटकताना हलकेच मारायची, जशी आई मुलाला मारते, लागणार नाही असं.

मला एकच आस होती. पुन्हा एकदा दिव्यांसमोर उभं राहायचं.

पाठ

आणि एक दिवस बातमी आली, राखणदाराचा चित्रपट नव्यानं निघणार. चाचणीसाठी दोन नट येणार होते. दोघांनीही मलाच घालून तो किल्लीचा प्रसंग करायचा होता.

पहिला मोठा हिरो. त्याच्या नावावर थिएटरं भरतात. खरं सांगतो, माणूस चांगला होता. मला हातात घेतल्यावर त्यानं आधी कॉलरवरून बोट फिरवलं.

"मावशी, लहानपणी अकरा वेळा पाहिलाय हा पिक्चर. एकदा तर माझ्या काकांची छत्री विकून."

"मग काका भिजले असतील."

"अहो, काकांनीच नेलं होतं अकराव्यांदा!"

त्यानं कॉलर वर केली, खांदा झुकवला, बोटांनी चाचपलं. हुबेहूब थोरले! माझ्या पाठीवरून शहारा गेला. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. निर्मात्यांचे डोळे पाणावले. "झालं! शिक्का मारा," ते म्हणाले. दिग्दर्शक बाई मात्र पेन्सिलीचं टोक चावत बसल्या होत्या.

बाही

दुसरा आला तो चाळिशीचा. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला होता. नखांच्या कडांना काळं ग्रीस. मावशी माझी बटणं लावत होती आणि तो घड्याळ बघत होता.

"घाई आहे का रे?"

"अर्धा दिवस सुट्टी काढलीय. दात काढायचाय म्हणून सांगून आलोय कामावर."

"दर वेळी दातच?"

"दर वेळी. वीस वर्षांच्या चाचण्या आहेत, मावशी. साहेबांच्या हिशोबानं माझं आता बोळकं झालंय." तो हसला. मग हसू ओसरलं. "बायकोनं काल विचारलं, अजून किती दात? मी म्हटलं, हा शेवटचा. नाही जमलं तर नाटकबिटक सगळं बंद. लेकीची शपथ घेतलीय."

मावशीनं शेवटचं बटण लावलं आणि उगाचच माझी बाही खाली ओढली. ओढायची गरज नव्हती. बाही मनगटावर नेमकी बसली होती. जन्मात पहिल्यांदा.

तो दिव्यात उभा राहिला. गाड्यांचे भोंगे वाजवण्याचं काम निर्मात्यांच्या भाच्याकडे होतं. त्यानं तोंडानंच भोंगे वाजवले. "उघड फाटक!" सगळे ओरडले.

त्यानं कॉलर वर केली नाही. त्याचा उजवा हात सरळ खिशात गेला, विहिरीत पोहरा जावा तसा, कुठेही न अडखळता. किल्ली त्याच्या मुठीत आली. मूठ वळलेली माझ्या कापडातून सगळ्यांना दिसत होती. ती तशीच ठेवून, ओरडणाऱ्यांच्या डोळ्यांत बघत तो म्हणाला, "किल्ली सापडत नाही."

भाच्याचा भोंगा घशातच राहिला. कुणी टाळी वाजवली नाही.

मित्रांनो, त्याच्या मुठीला घाम सुटला होता. तो मला कळत होता, दुसऱ्या कुणाला नाही. माणूस भ्यायलेलाच होता, पण ही भीती थोरल्यांची नव्हती. थोरल्यांचा राखणदार खोटं बोलून सुटत होता. हा खोटं बोलून अडकत होता, आणि तरी बोलत होता.

उसवण

"अहो, पण खिसा कुठे शोधला यानं?" निर्माते उठून उभे राहिले. "तो खिसा म्हणजेच पिक्चर! लोक तेवढ्यासाठी येणार. याला सांगा, परत कर. नीट चाचपून कर."

तो माणूस परत जागेवर गेला. त्यानं प्रयत्नही केला. पण हात लांब, खिसा जवळ, चाचपणार काय? उगाच चाचपल्यासारखं केलं की खोटं दिसे. तीनदा झालं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"मग खिसा तरी आणखी खाली घ्या," निर्माते म्हणाले. "मावशी, उसवा तो."

मावशी कात्री घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली. उसवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. वडिलांची चूक तिच्याच हातानं कायमची मिटली असती. तिनं कात्री खाली ठेवली.

"हा खिसा चुकलेलाच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"थोरले मापाला आले नाहीत. बाबांनी दिव्यांसाठी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मापानं बेतला. थोरल्यांचा हात पोचत नव्हता, म्हणून ते चाचपले. त्यात बाकी काही नाही." तिनं माझा खिसा हातानं सपाट केला. "मरताना बाबा म्हणाले, कुणाला सांगू नकोस, लोक हसतील. हसा आता. पण याच्याकडून बाबांची चूक करून घेऊ नका."

कुणी हसलं नाही. निर्माते खुर्चीत बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले.

"अहो, पण याला ओळखतं कोण?"

"थोरल्यांनाही आधी कुणी ओळखत नव्हतं," बाई म्हणाल्या. पेन्सिल त्यांनी कानामागे खोचली. "राखणदार मिळाला. तुम्ही नाही म्हणत असाल तर दुसऱ्या बाई शोधा."

निर्माते भाच्याकडे बघून म्हणाले, "चहा सांग. साखर जास्त."

त्या माणसानं मला अंगातून काढलंच नाही. तसाच खाली बसला आणि बाहीनं डोळे पुसले. ग्रीसचा डाग माझ्यावर राहिला आहे. मावशीनं तो मुद्दाम धुतला नाही.

हँगर

आता माझं काय झालं ते सांगतो.

मला वाटलं होतं, तो आणि मी. आमच्यासारखी जोडी शोधून सापडणार नाही. माझ्या बाह्या त्याच्याच, खिसा त्याचाच. मी दिव्यांची स्वप्नं बघू लागलो. चार दिवसांनी बाई कपडेपटात आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, त्याला नवा कोट शिवा."

"हा अगदी अंगासरशी बसतोय की."

"बसतोय. पण हा घालून तो आला की लोक कोटाकडे बघतील. जुनं आठवून टाळ्या वाजवतील आणि त्याला बघायचंच विसरतील."

मला राग आला. मी थोरल्यांना पाठीवर घेतलं होतं, मी! त्या कालच्या कापडाला काय येतं? मग माझ्या लक्षात आलं की मी हुबेहूब निर्मात्यांसारखा बोलतोय.

नवा कोट तयार झाला आणि शेजारच्याच हँगरवर आला. कडक, खडूच्या रेघा अजून अंगावर, वाऱ्याची झुळूक आली की नुसता थरथरायचा. शूटिंगच्या सकाळी तो माणूस आला. या वेळी त्यानं दात काढायचं कारण सांगितलं नव्हतं. नोकरीवरून वर्षभराची बिनपगारी रजा मागून आला होता. माझ्या खांद्यावरून हात फिरवत म्हणाला, "येतो, आजोबा." आणि नवा कोट घालून गेला.

दूरवर कुणीतरी "शांतता!" म्हणून ओरडलं. मग खरंच शांतता झाली. मी खूप कान दिले, पण तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. वर्षातून एकदा ऊन द्या, कसर लागू देऊ नका, अरुंद हँगरवर खांदे वाकवू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ. आणखी एक मागणं आहे, जमलं तर बघा. पिक्चर लागला की कुणीतरी मला अंगात घालून घेऊन जा. शेवटची रांग चालेल. कॉलर मी खालीच ठेवीन, मागच्यांच्या आड येणार नाही.