बिब्ब्याचं कडं

एकोणसाठ साली भातं कापून झाल्यावर सखुबाई धनगरीण नवऱ्यासोबत चाळीस मेंढरं घेऊन घाट उतरली आणि दरवर्षीसारखी माणगावजवळच्या खाचरांत बसली. मेंढरांनी लेंड्यांचं खत द्यायचं, गावाने भात द्यायचं, असा रिवाज. यंदा दोन मेंढ्यांच्या तोंडावर गजकर्ण दिसलं आणि पोलीस पाटील अंबाजीचं पित्त खवळलं. आपल्या बैलांना लागण होईल म्हणून तो कळप हाकलायला निघाला. आता सखुबाईने वर्षभर खायचं काय?

तेवढ्यात मुंबईहून दयाराम नावाचा ढोरांचा डॉक्टर आला. गजकर्णाच्या बुरशीतून त्याने तीन प्रथिनं काढली होती. त्यांतलं कुठलं मेंढीचं अंग ओळखतं, ते त्याला शोधायचं होतं. ओळखलं तर टोचल्या जागी गाठ, म्हणजे आत रोग. निकाल लागेपर्यंत पाटीलही थांबायला कबूल झाला. चाळीसही मानांची लोकर कातरून त्याने डावीकडे तीन सुया टोचल्या, उजवीकडे नुसतं पाणी. टोचल्या जागी खुणा करायला सांगून साहेब पालीच्या गणपतीला गेले.

सखुबाईने इमानेइतबारे प्रत्येक टोचणीभोवती बिब्ब्याचं कडं काढलं. तिच्या घराण्यात खूण म्हणजे बिब्बाच.

तिसऱ्या दिवशी सगळ्या माना डावीकडे सुजलेल्या. डॉक्टरला आनंद मावेना. पाटलाने घाटाकडे बोट दाखवलं. सखुबाईने एक मेंढी फिरवली. उजवी बाजूही टम्म.

"पान्यानं रोग व्हतो व्हय, डाक्टर?"

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. मग तिचंच तिला उमगलं. बिब्बा अंगावर उततो, हे शेंबडं पोरही जाणतं. लाजेने अर्धमेली होत तिने चारचौघांत चूक कबूल केली. शिकलेला माणूस सांगून थोडाच ऐकतो? डॉक्टरने स्वतःच्या हाताला बिब्बा लावून पाहिला आणि दोन दिवस बोंबलत बसला.

सुजा उतरल्यावर त्याने नव्या जागी टोचलं. खुणा या वेळी गेरूच्या. पहिल्या दोन प्रथिनांनी काहीच केलं नाही. तिसऱ्याने दोन्ही आजारी मेंढ्यांना गाठी आणल्या आणि चांदीलाही. चांदी म्हणजे कळपापुढे चालणारी, तोंडावर डाग नसलेली, सखुबाईची लाडकी.

पाटील बांधावरून विचारत होता, किती निघाली? डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. दोन म्हटलं असतं तर पाटलाच्या बापालाही कळलं नसतं.

"तीन," सखुबाई म्हणाली.

पाटलाने तिन्ही मेंढ्या बांधावरूनच निरखल्या. मग म्हणाला, सदतीस बसू देत, तिघींना नदीपलीकडे ठेवा.

"खरी हाय तुमची सुई," ती डॉक्टरला म्हणाली, "पन लई दुष्ट हाय." तिला रडू आलं होतं. कळप नवऱ्याच्या हवाली करून, घोंगडी खांद्यावर टाकून, ती तिघींसोबत पलीकडे राहायला गेली.