वाकडी करंगळी

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे. जर्मन मुलखातल्या एका लहानशा दरबाराच्या दिवाणखान्यात टांगलेले. निळा रेशमी झगा, घराण्याचे मोती, पावडर लावलेले केस, असा माझा थाट. पण माझ्यात दोन बायका आहेत. एक दिसते, दुसरी तिच्याखाली कोंडलेली आहे.

आधी माझ्यात उल्रिका बाईसाहेब होत्या, इथल्या काउंटची, म्हणजे सरदाराची, पहिली बायको. चित्रकार लेबरेख्तने त्यांना हुबेहूब उतरवले होते, लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली करंगळीसुद्धा. पुढे देवीच्या साथीत त्या गेल्या. त्यांची लेक टिल्डा रोज खुर्चीवर चढायची आणि त्या करंगळीला आपली करंगळी लावायची. मला फार बरे वाटायचे.

वर्षभरात काउंटने दोरोथेआबाईंशी लग्न केले आणि लेबरेख्तला बोलावणे धाडले.

"झगा आहे, मोती आहेत. नुसता चेहरा बदला. नवं चित्र कशाला?"

काउंटची पाठ वळताच टिल्डाने लेबरेख्तचा कोट धरला. "माझ्या आईला खरवडू नका ना!"

"नाही हो, छोट्या बाईसाहेब," तो कुजबुजला. "आधी रोगणाचा हात देतो, मग त्यावर रंगवतो. आई खाली शाबूत राहील. पण तोंडातून ब्र काढू नका."

तसेच झाले. डोळ्यांवर दुसरे डोळे चढताना मला ओरडावेसे वाटत होते, पण ओठांवरही रंग होता.

हात तेवढा उरला. टिल्डा येतच राहिली. एकदा दोरोथेआबाईंनी तिला खुर्चीवर पाहिले आणि हात नीट निरखला.

"अगं बाई! ही वाकडी करंगळी माझी होय? या घरात सगळं उरलंसुरलंच माझ्या वाट्याला!"

दुसऱ्याच दिवशी त्या हातावर पांढरा हातमोजा रंगवला गेला. खाली रोगण द्यायला लेबरेख्त विसरला नाही. टिल्डाने खुर्ची जागेवर ठेवली. पुढे लग्न होऊन ती दूर गेली.

काउंट आणि दोरोथेआबाई वारल्यावर ती परतली, तेव्हा तिचे केस पिकले होते. सोबत एक कारागीर होता.

"माझी आई खाली आहे," ती म्हणाली. "तिला बाहेर काढा."

दारात दोरोथेआबाईंची मुलगी योहाना उभी होती. "आणि माझी आई, ताई? तिचं हे एवढंच चित्र आहे."

रोगण विरघळवणाऱ्या औषधात बुडवलेला कारागिराचा बोळा माझ्याजवळ येऊन थांबला. काढा, मोकळे करा मला, असे मी मनात आक्रंदत होते. टिल्डाने योहानाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हातमोजा काढा," शेवटी ती म्हणाली. "चेहरा राहू दे."

हातमोजा विरघळला. टिल्डाने करंगळीला करंगळी लावली. आता तिला खुर्ची लागली नाही.

मित्रांनो, उल्रिकाबाईंचा चेहरा अजून आतच आहे. तो कधी सुटेल, मला ठाऊक नाही. वरचा रंगही आता तडकू लागला आहे. एवढेच मागणे आहे, माझ्यावरची धूळ पुसाल तेव्हा हलक्या हाताने पुसा. इथे दोन मुलींच्या आया आहेत.